बाबांचं अधिकृत वजन

मुष्टियुद्ध मंडळाच्या हॉलमध्ये एकच खिळा उरला होता आणि त्या खिळ्याला गेली चाळीस वर्षं मापसाहेबांचे बाबा लटकत होते. म्हणजे बाबांचा फोटो. उघडं अंग, छातीशी आवळलेल्या मुठी, लांबून मोजता येतील अशा बरगड्या आणि चेहऱ्यावर एखाद्या दुकानदाराचा काटा तपासताना असतो तसा संशय. बाबा दिवसा वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते आणि संध्याकाळी चोपन्न किलो वजनगटाचे विजेते. सलग अकरा वर्षं. मापसाहेबांनी वडिलांचं अर्धंच काम पुढे चालवलं. तेही वजनमापे निरीक्षक झाले. ठोसा मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच मारला होता, तोही झोपेत, आणि त्याबद्दल बायको अजून ऐकवत असे.

खिळा एकच का, असं कुणीही विचारेल. हॉलच्या दोन भिंतींना खिडक्या होत्या, तिसरीला आरसे, आणि चौथी भिंत अशी पोकळ झाली होती की नवा खिळा ठोकला की ताटाएवढा पोपडा खाली यायचा. गवंड्याने हात जोडून सांगितलं होतं, आहे तो खिळा सांभाळा, दुसरा मारलात तर भिंतीची जबाबदारी माझी नाही.

मंडळाला पन्नास वर्षं होत होती. त्या निमित्ताने कार्यकारिणीची बैठक भरली आणि सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "खिळ्यावर सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू असावा असं ठरतंय. आपल्या डॉक्टरबाईंचं नाव पुढे आलंय."

मापसाहेबांच्या हातातला चहा विजारीवर सांडला. डॉक्टरबाई म्हणजे कोपऱ्यावरची दातांची डॉक्टर. पंच्याहत्तर किलो वजनगटात तिने लागोपाठ सहा सुवर्णपदकं आणली होती. सकाळी ती दात बसवायची आणि संध्याकाळी पाडायची, त्यामुळे तिचा धंदा बरा चालतो, असं लोक चेष्टेने म्हणत. मुलगी स्वभावाने लाघवी होती. पण म्हणून बाबांना खिळ्यावरून उतरवायचं?

"आजचं कुणीही बाबांच्या पासंगालाही पुरणार नाही!" मापसाहेब उभे राहून ओरडले.

"तसं नाही हो. समजा, दोघं रिंगमध्ये उतरले..."

"कसे उतरतील? बाबा वारलेत!"

"म्हणून तर समजा म्हटलं." सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. "समजा, दोघं ऐन भरात आहेत. एकवीस किलोंचा फरक आहे. ती बाबांना पहिल्याच फेरीत झोपवेल, असं सगळ्यांचं मत आहे."

"एकवीस किलोंचा फरक असेल तर सामनाच होऊ शकत नाही. आधी वजन एका पातळीवर आणा. ते दिवस वेगळे, ती माणसं वेगळी, ते खाणं वेगळं!"

"मग आणा की एका पातळीवर. वजनमापे तुमचंच खातं आहे. रविवारच्या सर्वसाधारण सभेत हिशोब मांडा. पटला तर बाबा राहतील, नाही तर उतरतील."

अशा रीतीने एक साधासरळ सरकारी माणूस आपल्या दिवंगत वडिलांची एका दंतवैद्य बाईशी कुस्ती, चुकलो, बॉक्सिंग लावून बसला. घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने फक्त त्यांच्या विजारीकडे बघितलं आणि "भिजत घाला," म्हणाली.

काम कागदावरचं असलं की सगळी गल्ली मदतीला येते. तळमजल्यावर शिकवण्या घेणारे क्लासवाले सर स्वतःहून वर आले. त्यांनी मापसाहेबांच्या दिवाणखान्याच्या दारावर खडूने समीकरण मांडलं. "वस्तुमान गुणिले वेग. सोपं आहे. हवेचा विरोध शून्य मानू. घर्षण शून्य मानू. तुमचे बाबा हा एक बिंदू मानू." तासाभराने बाबांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास गेला तेव्हा सर म्हणाले की कुठेतरी एक शून्य जास्त पडलंय, आणि खाली निघून गेले. दार पुसायला ओलं फडकं लागलं आणि दाराचा रंग गेला.

मग शिंपी आला. "वजनाचं काय घेऊन बसलात, साहेब? हाताची लांबी बघा. तुमच्या वडिलांचे शर्ट माझ्या वडिलांनी शिवलेत. बाही चोवीस इंच! एवढ्या अंगाला एवढा हात मी दुसरा पाहिला नाही."

"आणि डॉक्टरबाईंचा?"

"ती रेडिमेड घालते," शिंपी तोंड कडू करून म्हणाला. "तिला जिंकू देऊ नका."

मापसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतःचंच केलं. बाबांच्या काळात सरासरी माणूस बावन्न किलोंचा होता आणि आजचा सहासष्ट किलोंचा आहे, असं त्यांनी कार्यालयातल्या जुन्या-नव्या दप्तरांवरून ठरवलं. त्या प्रमाणात बाबांचे त्रेपन्न पूर्णांक नऊ म्हणजे आजचे अडुसष्ट पूर्णांक चार. याला त्यांनी 'तुल्य वजन' असं नाव दिलं. उरलेली तफावत चोवीस इंची बाही भरून काढेल. शिवाय त्या काळी सामना पंधरा फेऱ्यांचा असायचा, हातमोजे पातळ, आणि आता तीन फेऱ्या झाल्या की खेळाडू पाण्याची बाटली शोधतात. तेव्हा चौथ्या फेरीपासून पुढे बाबाच बाबा. तक्ता झाला. तो त्यांनी बायकोला वाचून दाखवला.

"बाबा आजच्या काळात जन्मले असते ना," ती म्हणाली, "तर सत्तर किलोंचे झाले असते हे खरं. पण बॉक्सिंग कशाला केलं असतं? तुमच्यासारखे मोबाईल बघत बसले असते."

शास्त्राला घरात किंमत नसते हे मापसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी तक्त्याची एक प्रत मंडळाच्या फळ्यावर लावली आणि समाधानाने झोपले. सकाळी उठले ते दाढ ठणकतच.

गल्लीत दातांची डॉक्टर एकच होती. बापाच्या प्रतिस्पर्ध्यापुढे आ वासून पडायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तोंडात एक नळी, एक आरसा आणि मूठभर कापूस अशा अवस्थेत ते खुर्चीत आडवे असताना ती म्हणाली, "काका, तुमचा तक्ता वाचला. मस्त आहे. ते तुल्य वजन तर मला फारच आवडलं."

"आँ," मापसाहेब म्हणाले.

"फक्त एक शंका. बाबांचे त्रेपन्न पूर्णांक नऊ, हा आकडा आला कुठून?"

"आँआँ."

"रजिस्टरमधून, हो ना? पण ते वजन मंडळाच्या जुन्या काट्यावर झालेलं. तो काटा बरोबर होता, याचा काही दाखला? तुम्हीच सगळ्यांना विचारता ना, म्हणून विचारलं."

तेवढ्यात कुठूनतरी गुरगुर ऐकू आली. मापसाहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. ती ओशाळून हसली. "सॉरी काका, पोट आहे माझं. मंगळवारी स्पर्धेची वजनं आहेत. दीड किलो जास्त भरतेय. रात्रीचं जेवण सोडलंय, शुक्रवारपासून फक्त पाणी, रविवारी तेही बंद." आणि तिने दाढेत यंत्र घातलं.

दाढ बरी झाली, पण आत्मसन्मान दुखायला लागला. पडताळणीचा शिक्का नसलेल्या काट्यावर विश्वास ठेवून आपण तक्ता केला! एखाद्या भाजीवाल्याने असं केलं असतं तर त्याला त्यांनी अर्धा तास उभं केलं असतं. आता जुना काटा रीतसर तपासून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रीतसर म्हणजे अर्ज आला. आवक कारकून हा कार्यालयातला सर्वांत जुना माणूस. हरकत न काढता त्याने आजवर एकही कागद घेतला नव्हता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"अर्जदाराचं तपासणी अधिकाऱ्याशी काही नातं?"

"अधिकारी मीच आहे."

"म्हणजे फारच जवळचं नातं झालं. मग अधिकाऱ्याचं ना हरकत पत्र लागेल."

"म्हणजे माझंच?"

"तुमचंच. पण अर्जदाराने मागायला हवं."

मापसाहेबांनी स्वतःला पत्र लिहिलं. ते स्वतःच्या टेबलावर आल्यावर त्यात त्यांना दोन त्रुटी आढळल्या. त्यांनी खुलासा मागवला. खुलासा त्याच दिवशी दिला. खरं सांगायचं तर खुलाशाची भाषा जरा उर्मट वाटली म्हणून त्यांनी फाईल एक दिवस बाजूला ठेवली. शुक्रवारी परवानगी मिळाली आणि शनिवारी दुपारी वीस किलोंची तीन प्रमाणित वजनं हातगाडीवर घालून ते मंडळात पोहोचले. तिसरं वजन उतरवताना कमरेत उसण भरली, तो भाग वेगळा.

अडगळीतून जुना काटा बाहेर काढला. खाली लोखंडी पाट, उभा खांब आणि वर आडव्या दांडीवर सरकणारं पितळी वजन. बघायला पंधरा-वीस जण जमले. रिकामा काटा अगदी समतोल राहिला. "बघा!" मापसाहेब अभिमानाने म्हणाले. मग पाटावर साठ किलो ठेवले आणि पितळी वजन सरकवायला लागले. ते साठावर न्यायच्या आधीच दांडी आडवी झाली.

छप्पन्न.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा सरकवलं. छप्पन्न. मोजणारा बदलला, वजनांची जागा बदलली, खिडकी बंद केली. छप्पन्न ते छप्पन्न. पितळी वजन सुटं करून उलटं केलं तर त्याच्या पोटात कुणीतरी व्यवस्थित भोक पाडून शिसं ओतलेलं होतं. आणि खांबावर, तपासणी झाल्याचा शिक्का स्पष्ट दिसत होता: निरीक्षक क्रमांक सतरा. सातचा पाय जरा वाकडा.

तो वाकडा पाय मापसाहेब लहानपणापासून ओळखत होते. सतरा नंबर बाबांचा.

त्यांना खाली बसावंसं वाटलं आणि ते काट्यावरच बसले. हे तेच बाबा, ज्यांनी सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा दहा ग्रॅमच्या फरकासाठी उचलून नेला होता. काकांनी नंतर आठ वर्षं घरात पाऊल टाकलं नव्हतं. दहा ग्रॅमसाठी भाऊ तोडणाऱ्या माणसाने चार किलो गिळले?

"म्हणजे," सेक्रेटरी हळूच म्हणाले, "चोपन्नमध्ये लढायचे ते खरे अठ्ठावन्नचे होते. छोट्या माणसांना मारून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गल्लीने केलं. संध्याकाळपर्यंत चार किलोंचे चौदा झाले होते आणि शिंपी म्हणत होता की बाहीबद्दलही आता खात्री देता येणार नाही.

मापसाहेब तडक आईकडे गेले. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. त्यांनी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. काटा, शिसं, शिक्का, छप्पन्न.

आईचे हात थांबले नाहीत. "चारच केले का ह्यांनी? मी सहा म्हटलं होतं."

 मापसाहेब म्हणाले, "आई, तुला माहीत होतं?"

"माझ्याच शेगडीवर शिसं वितळवलं. माझी चांगली पळी गेली त्यात." तिने एक शेंग फोडली. "मंडळात खेळायला यायचा तो लोहार होता ना, धिप्पाड. वजनात बसायचं म्हणून दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता त्याने. घोंगडी पांघरून उन्हात धावायचा. रिंगच्या पायरीवर चढला आणि ठोसा न खाताच पडला. मरता मरता वाचला. हे घरी आले ते बोलेचनात. दुसऱ्या दिवशी वजन सुटं करून घेऊन आले. म्हणाले, सगळ्यांना चार किलोंची सूट देतोय, जेवून तरी उतरतील."

"सगळ्यांना?"

"सगळ्या मंडळांचे सामने तिथंच व्हायचे, त्याच काट्यावर. त्या दिवसापासून कुणी चक्कर येऊन पडलं नाही."

मापसाहेबांच्या जिवात जीव आला. "म्हणजे सगळेच चार किलोंनी जड! मग बाबांचा काही जास्तीचा फायदा झाला नाही. सगळे सारखेच!"

"सारखे कुठले?" आई पहिल्यांदाच चिडली. "मी म्हटलं, तुम्हीही जेवा आता पोटभर. तर म्हणे, खोटा शिक्का मी मारलाय, त्या काट्यावर मी उभा राहणार नाही. स्वतःचं वजन ऑफिसातल्या काट्यावर करायचे आणि चिठ्ठी मंडळात दाखवून परत आणायचे. त्या कपाटात डबा आहे बघ, पत्र्याचा."

डब्यात चिठ्ठ्या होत्या. अकरा वर्षांच्या. त्रेपन्न पूर्णांक नऊ. त्रेपन्न पूर्णांक आठ. प्रत्येकीवर कार्यालयाच्या काट्याचा नंबर. मंडळाच्या रजिस्टरात फक्त बाबांच्याच नोंदी लाल शाईत होत्या, आणि विजेत्याचा मान म्हणून तसं केलं असेल, असं आजवर सगळे समजत आले होते.

"अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर अर्धं ताट जेवला," आई म्हणाली. "आणि जेवून आलेल्या जड जड माणसांचा मार खाऊन यायचा. सुजलेल्या तोंडाने मला सांगायचा, आज जिंकलो."

मापसाहेबांना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. मटाराच्या ताटलीपलीकडून आईने फक्त पदर पुढे केला. जरा वेळाने नाक पुसून ते म्हणाले, "पण आई, शिक्का तर खोटाच. सभेत सांगितलं तर बाबांचं नाव जाईल. नाही सांगितलं तर माझं."

"सांग की. आता ह्यांना कोण निलंबित करणार आहे?"

रविवारी हॉल गच्च भरला. चार किलोंची बातमी होतीच तशी. मापसाहेबांनी तुल्य वजनाचा तक्ता घडी करून खिशात घातला आणि कमरेवर हात ठेवून, उसणीमुळे थोडे वाकूनच, उभे राहिले. "निरीक्षक क्रमांक सतरा यांनी या काट्यावर मारलेला शिक्का खोटा आहे," त्यांनी वाचलं.  "काटा जाणूनबुजून बिघडवलेला आहे. उद्या तो जप्त करण्यात येईल." मागे कुजबुज झाली. सेक्रेटरींनी फोटो उतरवायला आणलेल्या शिडीकडे नजर टाकली. मग मापसाहेबांनी डबा उघडला, एकेक चिठ्ठी टेबलावर मांडली आणि आईने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पळीसकट.

 म्हाताऱ्या खेळाडूंच्या रांगेत एक जण डोळे पुसत होता. बाबांकडून तीनदा हरलेला. "मी त्या तिन्ही वेळा जेवून गेलो होतो," तो शेजाऱ्याला म्हणाला.

सेक्रेटरींना सभा चालवायची सवय. "सगळं खरं, पण खिळ्याचा प्रश्न राहिलाच. समजा, दोघं रिंगमध्ये..."

"हे तिच्यावर हात उचलणारच नव्हते," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "हरलेच असते. लिहून घ्या."

हॉल हसला. डॉक्टरबाई मात्र हसली नाही. ती उठली. ओठ सुकलेले होते आणि उठताना तिने खुर्चीचा आधार घेतला, हे मापसाहेबांना स्पष्ट दिसलं.

"काका, नियम काय सांगतो? सामना एकाच वजनगटात. म्हणजे मला एकवीस किलो उतरवावे लागतील. खरं ना?"

"खरं."

"उपाशी राहून."

"दुसरा मार्ग नाही."

"बाबा मला उपाशी राहू देणार नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे सामना होणारच नाही. फोटो राहू द्या." ती खाली बसली, आणि आईने आपल्या पिशवीतलं केळं काढून तिच्या हातात ठेवलं. तिने ते नको नको म्हणत सोललं. मंगळवारी ती वरच्या वजनगटात उतरली आणि हरली, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. पण जेवून हरली.

सोमवारी मापसाहेबांनी काटा जप्त केला. जप्तीचा फॉर्म छापील असतो. काट्यातली चूक, चुकीचं प्रमाण, सगळं भरून झालं आणि ते एका रकान्याशी अडले. 'चुकीचे कारण'. या रकान्यात ते तीस वर्षं 'ग्राहकाची फसवणूक' असं लिहीत आले होते. हात सवयीने तिकडेच वळला. त्यांनी तो आवरला आणि लिहिलं, 'खेळाडू उपाशी होते.' खालचा रकाना होता, 'चुकीचा फायदा कोणास झाला'. तिथे त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'शिक्का मारणारा वगळता सर्वांस.'

फॉर्म आवक कारकुनापुढे ठेवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचला. मापसाहेब हरकतीची वाट बघत उभे होते. कारकुनाने काही न बोलता तारखेचा शिक्का उचलला आणि कागदावर मारला.